मनगटावरचा बॉल

बिलियर्डसारखा पूल खेळायच्या त्या हॉलमध्ये सगळे त्याला कासव म्हणत. एका शॉटला तो इतका वेळ घ्यायचा, की समोरच्याच्या जांभया देऊन संपायच्या. हे सावकाश खेळणं त्याला त्याच्या ताईने शिकवलं होतं. ताई तिथल्या टेबलांना नवं कापड चढवायची. धाकटा भाऊ टेबलाएवढा झाला तेव्हापासून तिने त्याला हाताशी धरलं होतं. तो डोळे मिटून उभा राहायचा आणि ती त्याच्या मनगटाला हळूच बॉल टेकवायची.

"लागला?"

"लागला."

"आता?"

"छे! फसवतेस तू."

या खेळात बाही किंवा बोट चुकून बॉलला लागलं तरी फाउल होतो, आणि तो ज्याचा त्याने सांगायचा असतो. म्हणून हा सराव.

मग गोदामात पोती उचलताना कासवाचा खांदा गेला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं थांबलं आणि पैज लावून खेळताना होणारी छातीतली धडधडही थांबली. त्याला वाटलं, आपला हात बसला. खांदा बरा झाला, तरी गोळ्या कुठून कुठून मिळतच राहिल्या. आता तो येईल तो शॉट धाडकन मारायचा. कधी जिंकायचा, आणि जिंकला की पुढची पैज आणखी मोठी. ताई काही बोलायला गेली, की म्हणायचा, "जिंकतोय ना? मग झालं तर!"

त्या शनिवारी दुपारी ताई कापडाचा गठ्ठा घेऊन आत आली, तर टेबलाच्या कडेवर घरच्या स्कूटरची किल्ली पैजेला लावलेली. दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली स्कूटर. समोर बेकरीवाला काठीला खडू लावत होता.

"हे काय रे?" ताईने गठ्ठा खाली टाकला.

"दहा मिनिटांत परत देतो. काळजी करू नकोस."

"कासवा, आज पाठीवर इंजिन बसवलंयस का?" बेकरीवाला हसला. "पूर्वी तुझा एक शॉट होईपर्यंत माझी पावाची भट्टी उतरायची!"

काठीने मारायचा पांढरा बॉल सोडला तर टेबलावर काळा आणि बेकरीवाल्याचा एक लाल, एवढेच उरले होते. काळा टेबलाच्या खिशात गेला की कासव जिंकला. पांढरा बॉल लालला खेटून होता. पूर्वीचा कासव इथे दोन फेऱ्या मारून आला असता. आताच्याने झपकन हात टेकवला आणि ठोकला. काळा बॉल खिशात!

"जिंकलो!"

"करंगळी लागली तुझी लालला," बेकरीवाला म्हणाला.

"नाही लागली."

"अरे, जागचा हलला तो! मी काय आंधळा आहे?"

"आईशपथ नाही लागली!"

हॉलची रीत अशी होती, की वाद झाला तर शॉट मारणाऱ्याच्याच माणसाला विचारायचं आणि त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. हॉलचे मालक ताईकडे वळले. "तुम्ही सांगा."

ताईने बॉल हलताना पाहिला होता. तिने भावाच्या डोळ्यांत बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तिला भीती वाटली ती या न कळण्याचीच.

"लागली," ती म्हणाली.

काळ्यावर फाउल म्हणजे डाव गेला. बेकरीवाल्याने किल्ली उचलली. हसला मात्र नाही.

"सख्खी बहीण ना तू?" कासव ओरडला. "लागली असती तर मला कळलं नसतं?"

ताईने लाल बॉल उचलला. "डोळे मीट."

"मी काय लहान आहे?"

"मीट म्हणते ना."

त्याने चिडून डोळे मिटले. ताई त्याच्या मनगटाशी वाकली.

"लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही गं! टेकव ना एकदाचा!"

"उघड डोळे."

बॉल त्याच्या मनगटाला टेकलेलाच होता. पहिल्यापासून.  मग त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही निघेना.

"सोडून बघितलं मी, ताई. नाही जमत."

"एकट्याला नाहीच जमायचं. चल, डॉक्टर अजून असतील."

"चालत?"

"आता चालतच."

तिने पाकिटावरचा त्याचा हात हलकेच बाजूला केला. दुसऱ्या हाताने कासव तिच्याकडून घेतलेला लाल बॉल त्याच मनगटावर दाबून बघत होता, उचलत होता, पुन्हा दाबत होता.