पहिला नग

चिंतामणरावांनी तव्यावरचं धिरडं उलटलं, गॅस बारीक केला आणि स्टीलची फूटपट्टी त्यावर आडवी धरली. साडेसहा इंच. काल सात भरलं होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि धिरडं ताटलीत काढलं.

"मोजून झालं असेल तर द्या इकडे," टेबलापाशी बसलेल्या सुनेत्राबाई म्हणाल्या. "भूक लागून राहिली."

"दोन मिनिटं. दही तोलायचं राहिलं."

"दही तोलतात काय कुणी? चाळीस वर्षं मी अंदाजानं केलं. तुम्ही कधी उपाशी नाही राहिले."

"म्हणूनच तर आता तोलून राहिलो."

चिंतामणराव चौतीस वर्षं जबलपूरला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि पास नाही तर रिजेक्ट, एवढंच काम. केसभर फरक निघाला तरी ते सही करत नसत. साहेब लोकांनी गोड बोलून पाहिलं, आवाज चढवूनही पाहिला. सही झाली नाही ती नाहीच. स्वयंपाकघरात मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांची मजल चहा गाळण्यापलीकडे गेली नव्हती.

सुनेत्राबाईंचं सगळं उलटं. मोजमापाशी त्यांचं कधी जमलं नाही, वेगाशी जमलं. रिछाईजवळच्या शाळेत त्या शिकवत, आणि चेरीतालहून रोज स्कूटरवर जात. चिंतामणराव गाडी शिकलेच नाहीत. दोघांचे डबे मांडीवर घेऊन ते मागे बसत आणि फॅक्टरीच्या गेटवर उतरत. तिथले लोक त्यांना 'पीछेवाले साहब' म्हणत. दुसरा कुणी खजील झाला असता. हे गृहस्थ उलट नव्या माणसाला आवर्जून सांगायचे, "आमच्याकडे गाडी ती चालवते. चलाती क्या है, देखने जैसा है।"

तीच बाई गेले आठ महिने घरात बसून होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकदा सायकलवरची मुलगी अगदी जवळ आल्यावर दिसली, तेव्हा त्यांनी घरी येऊन चावी नवऱ्याच्या हातात दिली आणि भाजी निवडायला बसल्या. दोन वेळा ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि दोन्ही वेळा हिरवा गाऊन घातलेला असताना शुगर जास्त म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी रिक्षात त्या म्हणाल्या, "तिसऱ्या वेळी परत पाठवलं तर मी पुन्हा नाही येणार. गाडी विकून टाका."

घरी न जाता चिंतामणरावांनी रिक्षा औषधाच्या दुकानापाशी थांबवली आणि शुगर तपासायचा मीटर घेतला. मग भांड्यांच्या दुकानातून वजनकाटा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या ठीक आहेत, पण सकाळच्या खाण्यानंतर आकडा उडतो, तेवढं बघा. तिसरी तारीख दीड महिन्यावर होती.

सकाळचं खाणं म्हणजे जबलपुरात पोहे आणि जलेबी. हे जोडपं वेगळं करणं कुणाच्या मनातही येत नाही. जलेबी पहिल्याच दिवशी गेली. नुसत्या पोह्यांवर दोन तासांनी सुनेत्राबाईंचं बोट टोचलं, तर दोनशे बासष्ट. रिजेक्ट. ओट्सचा लगदा आकडा यायच्या आधी सुनेत्राबाईंनीच रिजेक्ट केला. कणकेची उकडपेंडी गेली. ज्वारीची, भरपूर कांदा घालून, अर्धी वाटीच खाल्ली तेव्हा काठावर पास झाली. शहपुऱ्याच्या बाजारातून कुटकी हे बारीक भरडधान्य मागवून तिचा उपमा केला, सोबत मोड आलेली मटकी. तोही पास. अख्खे हिरवे मूग रात्री भिजवून, आलं आणि पालक घालून वाटले आणि त्याची धिरडी केली, तेव्हा आकडा एकशे अठ्ठावन्न आला. सुनेत्राबाई 'छान झालं' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिसरं मागितलं. चिंतामणरावांनी दिलं नाही.

ते स्वतःही तेच आणि तेवढंच खात. शेजारच्या शैलजाताईंनी एकदा विचारलं, "भाऊजी, तुम्ही काहून पथ्य करून राहिले?"

"एका घरात दोन मापांची ड्रॉइंग चालत नाहीत," ते म्हणाले.

पहाटे मिक्सर सुरू झाला की सुनेत्राबाई अंथरुणात डोळे मिटून ऐकत पडायच्या. ज्या माणसाला हिंगाचा डबा कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, तो पासष्ट ओलांडल्यावर धिरडी शिकला, आणि एक दिवस चुकला नाही. त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटायचा. तो बोलून दाखवायची सवय नव्हती, म्हणून त्या मीठ कमी पडल्याची तक्रार करायच्या.

तिसऱ्या वेळी आकडा एकशे एकाहत्तर आला, आणि त्यांना आत घेतलं.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या सकाळी सुनेत्राबाई टेबलापाशी बसल्या, काळा चष्मा काढला आणि घर पाहू लागल्या. ओट्यामागच्या टाइल्सवर निळी फुलं होती, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. मुगाचं पीठ इतकं हिरवं असतं, हेही. चिंतामणरावांचे केस या आठ महिन्यांत बरेच पिकले होते. त्यांनी ताटली समोर ठेवली, आणि सुनेत्राबाईंनी त्यांचा डावा हात धरला. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते, एकाशेजारी एक.

"हे काय?"

"तव्याचा चटका बसला असेल."

"चटका असा ठिपक्या-ठिपक्यांनी बसत नाही. मला दिसून राहिलं आता."

चिंतामणराव समोरच्या खुर्चीवर बसले. हात सोडवून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"फॅक्टरीत पहिला नग तपासल्याशिवाय पुढचं काम सोडत नव्हतो आम्ही," ते म्हणाले. "तुला नवीन काही द्यायचं, तर आदल्या दिवशी मी खाऊन बघत होतो."

"आणि बोट टोचून?"

"टोचल्याशिवाय काय कळणार?"

"तुम्हाला कुठं शुगर आहे? तुमच्या आकड्यावरून माझं काय समजणार?"

चिंतामणरावांनी दह्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. वाटी तिथेच राहिली.

"पोह्यांवर किती आली होती तुमची?"

"तुझ्यापेक्षा सव्वीस जास्त."

सुनेत्राबाई हिशेबात कच्च्या होत्या, पण ही बेरीज त्यांना करावी लागली नाही.

"मला वाटलं मीटर खराब आहे," चिंतामणराव म्हणाले. "दुकानात जाऊन बदलून आणला."

"मग?"

"मीटर बरोबर होता."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. सुनेत्राबाईंना संताप आला, आणि त्या संतापात त्यांना या माणसाला छातीशी धरावंसंही वाटलं.

"सांगितलं काहून नाही मला?"

"तू मग तारीख सोडून माझ्या मागं लागली असतीस."

लागल्या असत्या. दोघांनाही ते माहीत होतं.

"आता किती येते?"

"एकशे नव्वदच्या आसपास. सोमवारी दाखवणार आहे डॉक्टरला. तुझी पट्टी निघाली, आता आपला नंबर."

सुनेत्राबाईंनी तो हात खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि एकेक बोट नीट पाहिलं. मग टेबलावर ठेवला.

"दुसरा दाखवा."

चिंतामणरावांनी उजवा हात मांडीखाली दडवला होता. त्यांनी तोही काढून डाव्याच्या शेजारी ठेवला.