लाँड्रीच्या पत्त्यावर

दर सोमवारी आणि गुरुवारी, लाँड्रीचं शटर वर जातं न जातं तोच तो माणूस हजर. एक शर्ट, एक पँट धुवून इस्त्री करून द्यायची, आणि तोवर हा मागच्या खोलीत टॉवेल गुंडाळून पेपर वाचत बसायचा. कपडे तयार झाले की अंगात घालून थेट चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात कामाला.

"दुसरा जोड का नसेल हो याच्याकडे?" लाँड्रीवाल्या वहिनींनी सासऱ्यांना विचारलं. गल्लीतले सगळेच त्यांना वहिनी म्हणत, आणि नको तिथे नाक खुपसायची त्यांची खोडही सगळ्यांना ठाऊक होती.

"गुप्त पोलीस असणार," घड्या घालता घालता सासरे म्हणाले. "नाहीतर बायकोनं घराबाहेर काढलं असेल."

वहिनींचं समाधान होईना. एका गुरुवारी त्यांनी पँट उलटी केली. कमरेत हाताने टीप घातली होती. तिच्या आत आणखी एक. आणि त्या दोन्हींच्या आत, अगदी ताज्या काळ्या दोऱ्याची तिसरी. वहिनींची इस्त्री हातातच राहिली. धुण्याने कापड आटतं, पण कापडाच्या आतला माणूस असा आटतो तो एकाच कारणाने.

भुकेचं तोंडावर कसं विचारणार, म्हणून घरी जाऊन त्यांनी नवऱ्याचे चार चांगले शर्ट काढले आणि सोमवारी तो आल्यावर त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते हळूच परत सरकवले.

"रागावू नका वहिनी. पण ठेवू कुठे?"

"म्हणजे?"

"राहायची खोली मालकानं विकली, त्याला सात महिने झाले. रात्री इस्पितळाच्या बाहेरच्या बाकांवर बसतो. पेशंटचा नातेवाईक समजून कुणी हटकत नाही. पण पिशवी मोठी झाली की लोक बघायला लागतात."

"अहो, पण तुम्हाला नोकरी आहे!"

"आहे ना. म्हणून तर शर्टाला इस्त्री लागते."

वहिनींनी शर्ट उचलून बाजूला ठेवले. मग त्यांनी सरळ विचारलं, "काय दिलं तर उपयोग होईल? खरं सांगा, भीड नको."

त्याने बराच विचार केला. "एक खुंटी, दुसरा जोड टांगायला. आणि तुमचा पत्ता. सरकारी घरांच्या कचेरीत अर्ज द्यायचाय. उत्तर टपालानं येतं. ज्याला घर नाही त्याच्याकडेच पत्ता मागतात."

त्याच दुपारी मागच्या खोलीत खुंटी ठोकली गेली, आणि अर्जावर लाँड्रीचा पत्ता पडला. जेवणाचं मात्र त्याने नावही काढलं नव्हतं. ते सासऱ्यांनी अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन ते चष्म्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. "सूनबाई रोज दोघांचं भरते. मला एकट्याला घास उतरत नाही. बसा."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, काका."

"येत नाही, तर निमूटपणे जेवा."

चार-आठ दिवसांनी तोच एका बाईला घेऊन आला. इस्पितळाच्या बाकांवरचीच, शिवणकाम करणारी. तिलाही टपाल कुठे मागवावं हा प्रश्न होता. पावसाळा संपेपर्यंत मागच्या खोलीत पाच खुंट्या झाल्या. शेजारचा खानावळवाला आधी या लोकांच्या वर्दळीवर कुरकुरला. मग वहिनींनी त्याला पँटच्या टिपांची गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "दुपारी दोनला पाठवा. पण मागच्या दाराने नाही. टेबलावर बसूनच जेवायचं."

पहिल्या खुंटीवाल्याला कचेरीचं पत्र आलं ते अकराव्या आठवड्यात. वहिनींना ते उघडायचा मोह आवरेना. पाकीट त्यांनी उजेडापुढे धरून पाहिलं, पण सासऱ्यांनी डोळे वटारले. संध्याकाळी त्याने ते स्वतः फोडलं, दोनदा वाचलं आणि नुसतंच वहिनींच्या हातात दिलं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली.

रविवारी वहिनी आणि सासरे ती बघायला गेले. आत सामान म्हणाल तर एक चटई आणि एक पातेलं. सासरे नळ सोडून पाहू लागले, वहिनी खिडकी उघडून. तेवढ्यात मागे आवाज झाला. त्याने दाराला आतून कडी लावली होती. मग काढली. पुन्हा लावली.

"काय करताय?" वहिनींनी विचारलं.

"बघतोय," तो लाजत म्हणाला, "नीट बसते का."