पडण्याचा आवाज

गेली अकरा वर्षं मी बसल्या जागी पडतोय.

स्टुलावर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा. समोरच्या पडद्यावर धप्पू नावाचा पाणघोडा जिन्यावरून, झाडावरून, कधी स्वतःच्या गुरूच्या अंगावर पडतो, आणि प्रत्येक पडण्याला आवाज माझा असतो. कार्टूनपट तयार होऊन आमच्याकडे येतात. त्यातल्या हलणाऱ्या तोंडांत आपल्या भाषेतले शब्द बसवायचे, हा माझा धंदा. धप्पू धांदरट आहे, पण मनाने लोणी. त्याला कराटे शिकायचंय आणि पहिल्या तीन सिनेमांत त्याला ते काही केल्या येत नाही. लोकांना तो आवडतो तो त्यासाठीच.

बूथ एवढासा आहे. दीड माणूस मावेल, आणि मी दीडच आहे. भिंतींना काळा फोम. दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. दाराची आतली मूठ तीन वर्षांपूर्वी निघाली, ती अजून लागायची आहे. त्यामुळे बाहेर यायचं तर काचेवर टकटक करायची आणि रेकॉर्डिस्टला दया येईपर्यंत थांबायचं. त्याला आम्ही बुवा म्हणतो, कारण तो डोळे मिटून ऐकतो आणि क्वचितच बोलतो.

आमच्याकडे रीत अशी, की संवाद आधी आणि हाणामारी शेवटी. एकदा ‘हुं’, ‘हा’, ‘आऽ’ सुरू झालं की तासाभरात घशाचं भरीत होतं, मग साधं ‘बरं’सुद्धा धड निघत नाही. पहिल्या सिनेमाच्या वेळी त्या शेवटच्या तासात माझ्या स्टुलाचा पाय मोडला. कागदावर लिहिलं होतं ‘अरे बापरे’, आणि मी खरोखरच आपटलो आणि ओरडलो, ‘आई गंऽ’. बुवाने ते तसंच ठेवलं. म्हणाला, तोंडात चपखल बसतंय. बसलं ते असं बसलं की मलाच घेऊन बसलं.

तेव्हापासून लोक मला ‘आई गं’ म्हणून दाखवायला सांगतात. दुकानदार सांगतो, लिफ्टमधले शेजारी सांगतात. दाताच्या डॉक्टरने तर हातात पकड धरून सांगितलं. मागे एका मालिकेसाठी न्यायाधीशाचा आवाज हवा होता. मी मोठ्या तयारीने गेलो. ‘आरोपीला जन्मठेप’ एवढंच म्हणालो, तर काचेपलीकडचे चौघेही फिस्सकन हसले. जन्मठेप मला झाली.

तेही मी सहन केलं असतं. प्रश्न आईचा आहे.

आई दोन वर्षांपासून विसरत चालली आहे. आधी गॅस बंद करायला विसरली, मग वार, मग मी. एके सकाळी तिला चहा नेऊन दिला तर पदर सावरून म्हणाली, “तुम्ही कशाला त्रास घेतलात?” सेहेचाळीस वर्षांत तिने मला गाढवा म्हटलं, कार्ट्या म्हटलं, मेल्या म्हटलं, पण ‘तुम्ही’ कधी म्हटलं नव्हतं. मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि रडलो. बाहेर आलो तेव्हा ती ताईला हळूच विचारत होती, “हे गृहस्थ जेवायला थांबणार आहेत का?”

ताई माझी मोठी बहीण. तिला आई नर्स समजते आणि ‘सिस्टर’ म्हणते. ताई म्हणते, “चुकीचं काय बोलते? आहेच मी सिस्टर.” ताईला असं हसण्यावारी नेता येतं. मला नाही येत.

कारण आई धप्पूला ओळखते. टीव्हीवर तो लागला की तिचा चेहरा उजळतो. तो पडला की पुढे झुकून म्हणते, “सांभाळून रे बाळा, किती धडपडशील.” त्याला बाळा, मला अहो. आवाज एकच, आणि मी त्याच खोलीत, हातात सुपाची वाटी घेऊन उभा.

ती जेवेनाशी झाली तेव्हा ताईनेच युक्ती काढली. मी टीव्हीशेजारच्या खिडकीच्या पडद्यामागे उभं राहायचं आणि धप्पूच्या आवाजात म्हणायचं, “आई, एक घास घे ना गं.” ती घेते. दुसराही घेते. रोज दोन्ही वेळा मी असा खिडकी आणि पडद्याच्या मध्ये, पाठीला गज टोचत उभा असतो. म्हणजे कामावर एक बूथ आणि घरी एक. पडद्यामागून बाहेर आलो की ती विचारते, “तुम्ही कोण?” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

चौथा सिनेमा आला तेव्हा डबिंगच्या दिग्दर्शक बाईंनी मला बोलावून घेतलं.

“या भागात तो शिकतो,” बाई म्हणाल्या. “शेवटची वीस मिनिटं तो पडत नाही. आवाज शांत हवा, साधा. सोंग नको. तुमचा स्वतःचाच द्या की.”

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझाच? माझाच. घरी जाताना मला कित्येक वर्षांनी शीळ घालावीशी वाटली. माझा हिशेब सरळ होता. आई धप्पूला ओळखते. धप्पू माझ्या आवाजात बोलला, तर ती माझा आवाजही ओळखेल. मग एक दिवस मी पडद्याबाहेरून बोलेन आणि ती म्हणेल, बस रे, जेवलास का. मला एवढंच हवं होतं, एक ‘तू’.

तो प्रसंग मी एका दमात केला. धप्पू एका पायावर उभा राहतो, चौदा लांडग्यांना कुणाचं हाड न मोडता जमिनीवर लोळवतो, आणि मग गुहेत अडकलेल्या आपल्या आईपाशी जाऊन म्हणतो, “आई, मी आलोय. घाबरू नकोस.” मी म्हणालो. काचेपलीकडे बुवाने चक्क डोळे उघडले.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता शेवटचं तेवढं घेऊन टाकू.”

“शेवटचं काय?”

“परत निघताना तो गुहेच्या पायरीवरून घसरतो.”

“तो आता शिकलाय ना?”

“चित्रात पडलाय तो. मी काय करू? आणि मुलं त्यासाठीच येतात.”

मी पडलो. ‘आई गं’ म्हणालो. मग काचेवर टकटक करून बाहेर आलो आणि बुवाला बाजूला घेतलं. नियमात बसत नव्हतं, पण मी आईचं सगळं सांगितल्यावर त्याने मला त्या प्रसंगाचा तुकडा दिला, घसरण्याच्या आधी संपणारा. “ऐकवून झाला की पुसून टाका,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला खुर्चीत नीट बसवलं, पाठीला उशी लावली. ताई दाराशी उभी राहिली. मी तो तुकडा टीव्हीवर लावला आणि पडद्यामागे न जाता आईशेजारी स्टूल घेऊन बसलो. धप्पू एका पायावर उभा राहिला. आई हसली. लांडगे लोळले. तिने टाळी वाजवली. मग तो गुहेत शिरला आणि माझ्या आवाजात म्हणाला, “आई, मी आलोय. घाबरू नकोस.”

आईचं हसू गेलं. ती टीव्हीकडे पाहत राहिली.

“हा कोण?” तिने ताईला विचारलं. “सिस्टर, हा आमचा नव्हे. हे भलतंच कोणीतरी बोलतंय त्याच्या तोंडून. बंद करा ते.”

“आई, नीट ऐक ना,” मी म्हणालो.

“तुम्ही मध्ये पडू नका,” ती घाबरून म्हणाली. “बंद करा आधी.”

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आता तिला धप्पूचीही भीती बसली तर ती जेवणार कशी? मी धडपडत टीव्ही बंद करायला उठलो. पाय स्टुलात अडकला आणि मी खराखुरा फरशीवर आपटलो. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली.

“आई गंऽ”

मग आई खुदकन हसली. मग मोठ्याने. तोंडावर हात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि पडद्याकडे नाही, टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“पड ना रे पुन्हा,” ती म्हणाली.

पड. ‘पडा’ नाही, ‘पड’. कितीतरी महिन्यांनी.

ताई पुढे आली. “अरे, गुडघा सुजतोय, ऊठ.” मी तिला हाताने थांबवलं. उठलो आणि पुन्हा पडलो. अकरा वर्षांचा सराव होता, पण फरशीवर पडायची सवय नव्हती. आई टाळ्या वाजवत होती. “अजून एकदा, अजून एकदा.” ताईने तेवढ्यात वाटी आणली आणि घास भरवायला घेतलं. मी पडत होतो आणि आई खात होती. मला गुडघ्याचं काही वाटत नव्हतं. मला इतकं सुख झालं होतं की लाज वाटावी.

पाचव्या वेळी मी पडलो तो लगेच उठलो नाही. दम लागला होता. आईने खाणं थांबवलं. खुर्चीतून वाकली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

“लागलं का रे बाळा?”

मी सगळं विसरलो. धप्पू विसरलो, त्याचा आवाज विसरलो. तिचा हात धरला आणि म्हणालो, “नाही गं आई. मी आलोय ना आता.”

हात थांबला. तिने तो हळूच काढून घेतला, पदर सारखा केला आणि खुर्चीत मागे सरकली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी आलात?”