कागदावरचा गोठा

ऑर्व्हल टॅकेटनं कागद खिडकीतून पुन्हा आत सरकवला आणि म्हणाला, "हे चुकलंय. एवढं बदलून दे."

खिडकीपलीकडे डार्ला बसली होती. आमच्या काउंटी कचेरीत जन्ममृत्यूचे दाखले, घरपट्टी, जमिनीच्या नोंदी, सगळं एकाच खिडकीवर चालतं, आणि त्या खिडकीवर गेली बारा वर्षं डार्लाच बसते. तिनं चष्मा लावून दाखला वाचला. त्याची बायको नेव्हा टॅकेट, वय एकोणसत्तर, मृत्यू अकरा जून. नाव बरोबर, तारीख बरोबर. खाली 'मृत्यूचे ठिकाण' असा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं : इतर. शेतीची इमारत, गोठा.

डार्लाचा चेहरा पडला. दक्षिण मिझुरीतल्या या काउंटीत चाळिशीच्या आतला एक माणूस दाखवा, ज्यानं शाळेत असताना दर गुरुवारी तिथल्या स्वयंपाकघरातल्या नेव्हाच्या हातची चिली, म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा, आणि त्याबरोबर दालचिनीचा रोल खाल्ला नाही. डार्ला तर दोन रोल मागून घ्यायची, आणि मिस नेव्हा न बोलता दुसरा वाढायची.

"मिस्टर टॅकेट, मृत्यूचा दाखला भरणारा कोरोनर ठिकाण आमच्या नोंदीवरून लिहितो," ती म्हणाली. "तुमच्या जागेवर घर अशी नोंदच नाही. गोठा आहे."

"ती गोठ्यात मेलेली नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात मेली."

"मला माहितीय."

"मग तसं लिही."

तसं लिहिणं डार्लाच्या हातात नव्हतं. तिनं शांतपणे समजावून सांगितलं, की आधी तो गोठा कागदावर घर व्हायला हवा. माणूस येऊन पाहणी करेल, मैलापाण्याची टाकी तपासेल, घराला नंबर मिळेल, शेतीची सवलत जाऊन घरपट्टी बसेल. ते झालं की कोरोनरला विचारून बघता येईल, आणि तो काय म्हणेल ते आत्ता सांगता येत नाही. मग आवाज खाली आणून तिनं त्याच्या भल्याचं सांगितलं. आता तुम्ही एकटे, पट्टी तिपटीनं वाढेल, राहू द्या की तसंच, हा कागद कोण काढून बघणार आहे?

हाच सल्ला ऑर्व्हलनं आयुष्यभर दुसऱ्यांना दिला होता, तोही न मागता. पण त्यानं एवढंच विचारलं, की माणूस कधी पाठवतेस.

ऑर्व्हल म्हणजे पक्का चिक्कू, हे त्याच्या तोंडावर बोललं तरी त्याला राग यायचा नाही. एकतीस वर्षं त्यानं काउंटीचा ग्रेडर चालवला, खडीचे सगळे कच्चे रस्ते सारखे केले, आणि डबा कायम घरचा खाल्ला. निवृत्त झाल्यावर गावातलं घर विकून नेव्हाच्या वडिलांच्या जमिनीवर गोठ्याच्या धाटणीचं घर बांधायचं त्यानं ठरवलं. आमच्याकडे हल्ली ही टूम निघालीय. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, खाली काँक्रीट, आणि आत आपल्याला हवं तसं घर. विटांच्या घरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, आणि ऑर्व्हलनं ते त्याहूनही स्वस्तात पाडलं. वादळात कोसळलेल्या एका कोंबड्यांच्या शेडच्या, छपराला आधार देणाऱ्या कैच्या त्यानं उचलून आणल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच भिंतीला पाठ लावून बांधलं, म्हणजे नळ एकदाच टाकायचा. दुकानात रंग चुकीचा मिसळला गेला की ते डबे निम्म्या किमतीत काढून टाकतात. तसले डबे आणले, त्यामुळे झोपायची खोली शिजलेल्या मुळ्याच्या रंगाची झाली. जुनी शाळा पाडली तेव्हा तिथली दारं तो फुकट घेऊन आला. न्हाणीघराला बसवलेल्या दारावर काचेत अजून 'मुख्याध्यापक' असं लिहिलेलं होतं.

नेव्हा आल्यागेल्याला ते दार दाखवायची. म्हणायची, "पंचवीस वर्षं या दारावर टकटक करून थांबले. आता बिनधास्त आत जाते आणि आंघोळ करून येते."

ती खूश होती. दोन वर्षं त्यांनी तिथं संसार केला आणि त्यांचा तो सगळ्यात सुखाचा काळ होता, हे ऑर्व्हल कुणीही न विचारता सांगायचा.

फक्त एका गोष्टीवरून ती त्याच्याशी भांडली होती. पत्रे चढले तेव्हा काउंटीकडून फॉर्म आला, की ही इमारत राहायची आहे की शेतीची. ऑर्व्हलनं पेन काढलं आणि लिहून टाकलं, गोठा. नेव्हानं त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"गोठा लिहिलंस?"

"कागदावर गं. पट्टी वाचते, टाकीची तपासणी वाचते. अर्धी काउंटी हेच करते."

"आणि मला कुणी विचारलं, बाई राहतेस कुठं, तर काय करू? हंबरून दाखवू?"

तो पोट धरून हसला. तीही हसली, पण मग त्याचं पेन हातात धरून म्हणाली, "बाकी सगळं वाचव, ऑर्व्हल. एवढं नको वाचवूस." त्यानं पेन सोडवून घेतलं आणि खाली सही केली. ती पीठ मळायला निघून गेली, आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

गोठ्याला घरनंबर मिळत नाही. नंबर नाही म्हणून टपालाची पेटी नाही. मग पत्रं यायची ओढ्यापलीकडे, नेव्हाचा भाऊ हार्लन राहायचा तिथं, त्याच्या पेटीत. बँक, दवाखाना, विजेचं बिल, जिथं तिथं ऑर्व्हल हार्लनचा पत्ता लिहायचा. दोन वर्षांत तो त्याच्या तोंडात इतका बसला की सांगताना किंवा लिहिताना विचारही करावा लागत नसे.

अकरा जूनच्या सकाळी नेव्हा रोलसाठी पीठ मळत होती. मळता मळता थांबली, उजव्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा ऐकत नाहीये माझं." मग ती खुर्चीत बसली आणि खुर्चीतून घसरली. ऑर्व्हलनं एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्यानं अँब्युलन्ससाठी फोन लावला. तिकडच्या मुलीनं पत्ता विचारला. काउंटीतला एकूण एक रस्ता ज्यानं स्वतः सपाट केला होता, त्या माणसानं हार्लनच्या घराचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

अँब्युलन्स वेळेवर निघाली, वेळेवर पोचलीही. पोचली हार्लनच्या दारात. आदल्या दिवशीच्या पावसानं ओढा चढला होता आणि मधला ठेंगणा फरशी पूल पाण्याखाली होता. गाडीला मागं फिरून मोठ्या पुलावरून यावं लागलं. पंचवीस मिनिटं गेली. ऑर्व्हल नेव्हाचं डोकं मांडीवर घेऊन खडीवर चाकांचा आवाज येतो का ते ऐकत होता. गाडी आली तेव्हा नेव्हा गेलेली होती.

डॉक्टर नंतर म्हणाले, की गाडी वेळेवर पोचली असती तरी कदाचित हेच झालं असतं. ऑर्व्हलनं विचारलं, कदाचित म्हणजे किती? डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोकांनी झाकलेल्या भांड्यांतून जेवणं आणली, चर्चमधल्या बायकांनी घर आवरून दिलं, आणि त्या सगळ्या गर्दीत तो मनातल्या मनात एकच म्हणत होता, की मी मारली हिला. रडू आलं नाही त्याला. 

तीन आठवड्यांनी दाखला हातात पडला, आणि त्यात गोठा लिहिलेलं त्यानं वाचलं. जे झालं ते त्याला बदलता येणार नव्हतं. हा एक शब्द तरी बदलून घ्यावा, नेव्हा टॅकेट आपल्या घरात गेली एवढं तरी कुठंतरी सरकारी शाईत लिहिलेलं असावं, हे एकच त्याच्या डोक्यात राहिलं.

पाहणीला माणूस आला तो मंगळवार होता. त्यानं खोल्या मोजल्या, टाकी बघितली, भिंतीवर टिचक्या मारल्या. काम चोख आहे म्हणाला. मुख्याध्यापकाच्या दारापाशी तो थबकला. लहानपणी त्याला त्या दाराआड पाठवलं होतं तो किस्सा त्यानं हसत सांगितला. ऑर्व्हलनं मान हलवली. एरवी त्यानं त्या किश्शाला आणखी दोन जोडले असते.

पाहणीचा माणूस जायला आणि हार्लनची गाडी आत यायला एकच गाठ पडली. दफन झाल्यापासून हार्लन ओढा ओलांडून आला नव्हता. तो घरात आला नाही, पडवीतच उभा राहिला.

"नंबर घेतोयस म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"आता?"

 ऑर्व्हलला वाटलं, आता हा आपल्याला मारणार, आणि मारलं तर बरंच होईल. पण हार्लन मटकन पायरीवर बसला.

"गाडी माझ्या दारात आली ना, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे तुला? त्या पोरांना म्हटलं, चुकलात रे बाबांनो, इथं सगळे ठणठणीत आहेत. हसत म्हटलं, ऑर्व्हल. त्यांना कॉफी विचारली मी."

"नंबर मी दिला तुझा."

"ठाऊक आहे मला. बघ, दोन वर्षं तुमची पत्रं माझ्या पेटीत पडत होती. हा काय बावळटपणा लावलाय, असं मी एकदा तरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. पत्रं न्यायला ती रोज यायची. बायको गेल्यापासून माझ्याकडे रोज येणारं दुसरं कुणी नव्हतं." हार्लननं टोपीनं तोंड पुसलं. "मला ते बरं वाटायचं रे."

दोघं म्हातारे त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. ऑर्व्हलनं कॉफी करून आणली. ती फार कडू झाली होती, कारण घरात कॉफी करायची नेव्हा. हार्लननं मुकाट्यानं कप रिकामा केला आणि जाताना ऑर्व्हलचा दंड एकदा घट्ट दाबून गेला.

महिनाभरात नंबर मिळाला. रस्त्याच्या कडेला खांब रोवून काउंटीच्या माणसांनी हिरवी पाटी लावली, आणि डाव्या हाताला टपालाची पेटी बसली. ऑर्व्हलनं पाटीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नवीन कागद घेऊन तो थेट कचेरीत गेला. त्या दिवशी रांग होती. गाड्यांची वर्षाची फी भरायचा तो आठवडा होता.

डार्लानं त्याला बघितलं, कागद घेतले आणि तिथल्या तिथं कोरोनरला फोन लावला. बराच वेळ ती नुसती ऐकत होती, मधून मधून हं म्हणत होती. मग तिनं हळूच फोन खाली ठेवला.

"नाही म्हणतात, मिस्टर टॅकेट. घराची नोंद या महिन्यापासूनची आहे. अकरा जूनला त्या जागेवर जे होतं, तेच दाखल्यावर राहणार."

ऑर्व्हलनं मान हलवली. जणू त्यानं याची तयारी ठेवली होती, अशा शांतपणे त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून चेकबुक काढलं.

"मग मागच्या दोन वर्षांची घरपट्टी लाव," तो म्हणाला. "व्याज लाव, दंड असेल तो लाव. आम्ही राहायला आलो त्या दिवसापासूनची घे. म्हणजे तेव्हापासून घर होईल."

डार्ला बघतच राहिली. तिच्या खिडकीवर या माणसानं एकेका डॉलरसाठी हुज्जत घातलेली होती. मागची पट्टी तुमच्याकडे कुणी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, मला ठाऊक आहे, तू आकडा सांग. ती उठून आत साहेबाकडे गेली. बाहेर रांगेतले लोक आधी चुळबुळले आणि मग, कोण उभा आहे हे कळल्यावर, गप्प झाले. ऑर्व्हलनं तोवर चेकवर तारीख घातली, काउंटीचं नाव लिहिलं, सही केली आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली.

डार्ला परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"नाही घेता येत," ती म्हणाली. "वहीत जे घर नव्हतं, त्याची पट्टी घ्यायला आमच्याकडे रकानाच नाही."

"होतं," ऑर्व्हल म्हणाला. "तिथं राहत होतो आम्ही."

"हो. मला माहितीय."

त्यानं चेक खिडकीच्या सळयांखालून पुढं सरकवला. डार्लानं त्यावर बोटं ठेवली आणि हळूच तो परत त्याच्याकडे सारला.  मागच्या माणसाला घाई नव्हती, तरी ऑर्व्हलनं बाजूला होऊन त्याला पुढं जायला वाट दिली, आणि सही केलेला चेक हातात तसाच धरून तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.