ओडीलचे सुटे भाग

आमच्या गावात जुन्या क्रॉसबोचा सुटा भाग हवा असला तर माणसं दुकानात जात नाहीत, मयताला जातात. थट्टा नाही करत. सेंट जॉर्ज मंडळाचे म्हातारे सकाळी पेपर उघडतात तो थेट निधनाच्या पानावर. आसपासच्या कुठल्याही मंडळातला नेमबाज गेला, की हे काळा कोट चढवून आणि खिशात पेचकस टाकून निघालेच. चर्चमध्ये मान खाली, दफनभूमीत डोळ्याला रुमाल, आणि नंतरच्या कॉफीला विधवेच्या शेजारची खुर्ची. "फार सज्जन माणूस होता हो. त्याच्या क्रॉसबोचं आता काय करणार तुम्ही?"

मला हे ठाऊक, कारण मंडळाची बैठक माझ्याच कॅफेत भरते आणि मयताहून आणलेली लूट माझ्याच टेबलावर मांडली जाते. शिवाय चार वर्षांपूर्वी ती शेजारची खुर्ची माझ्याच शेजारी होती.

माझा नवरा ओडील क्रॉसबो बनवायचा, म्हणजे लाकडी दांड्यावर आडवी कमान बसवलेली धनुष्यं. गावातले आणि आसपासच्या मंडळांतले सगळे क्रॉसबो त्याच्याच हातचे. त्याचे पेच त्याचे, मापं त्याची, दुसऱ्या कुणाचा भाग त्यात म्हणून बसायचा नाही. जिवंत होता तोवर लोक त्यासाठी त्याला शिव्या द्यायचे, आता मला देतात. क्रॉसबो तयार झाला की तो मला मागच्या कुरणात उभी करायचा आणि माझ्याकडून चालवून घ्यायचा. स्वतः बाजूला उभा राहून बघायचा, दोरी कशी सुटते, दांडा कसा हिसका देतो. म्हणायचा, "तू कुरकुर केली नाहीस म्हणजे माल चांगला."

त्याला पुरलं त्या दिवशी मी अख्ख्या गावासाठी पाव कापत होते, हॅम लावत होते, कॉफी गाळत होते. मंडळाचे चार जण आले आणि म्हणाले, "आलिदा, तू बस. आम्ही मागचा कारखाना जरा आवरून टाकतो." मला अगदी भरून आलं. म्हटलं, माणसं वाईट नाहीत हो. संध्याकाळी जाऊन बघते तर कारखाना असा आवरलेला, की मला झाडायला धूळसुद्धा ठेवली नव्हती मेल्यांनी. ओडीलचा स्वतःचा क्रॉसबो बाकावर होता, पण होता म्हणजे काय, नुसता अक्रोडाचा दांडा. पोलादी कमान गेली होती, घोडा गेला होता, नेम धरायची पट्टी गेली होती. आणि चकती. चकती म्हणजे मधली खाचेची गोळी. ओढलेली दोरी तिच्यात अडकते, घोडा दाबला की ती फिरते आणि दोरी सुटते. क्रॉसबोचा सगळा जीव तिच्यात असतो.

मी तो उघडा दांडा उचलला आणि बारच्या मागे, बाटल्यांच्या वर टांगला. ठरवलं, की मरायच्या आधी हा पुरा झालेला बघायचा. ग्राहक विचारायचे, ही काठी कसली? मी म्हणायचे, माझा नवरा आहे.

चौघांनाही विचारलं मी. गुपचूप नाही, भर कॅफेत. आधी कमील खाटकाला.

"कमान? माझ्याकडे?" त्याने छातीवर हात ठेवला. "अगं, ओडील मला भावासारखा होता."

"ते आहेच. कमान कुठे आहे?"

"आईशप्पथ माझ्याकडे नाही." त्याची आई तेव्हा शेजारीच तांदळाचा टार्ट खात बसली होती. म्हातारीने चमचा खाली ठेवून छातीवर क्रूस केला.

गास्टन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. तो म्हणाला, "मी कलावंत माणूस. लोखंडाला हात लावत नाही मी. घोडाबिडा मला काय माहीत?" डॉक्टर लीबेर आमचे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "नेमाची पट्टी? ती कशी दिसते हेसुद्धा आठवत नाही हो मला." अहो, चाळीस वर्षं तिच्यातूनच बघत आलात ना?

चौथा फिर्मीन. त्याने बियरचा घोट घेतला, फेस पुसला आणि म्हणाला, "चकती माझ्याकडे आहे. देणार नाही. माझी झिजली होती. तुझी भिंत काय नेम धरणार आहे?"

मी ओलं फडकं त्याच्या तोंडावर फेकून मारलं. त्याने ते घडी करून बारवर ठेवलं आणि दुसरी बियर मागितली. इतका कोडगा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मग चोरांचे दिवसही फिरले. जत्रेच्या सोमवारी आमच्याकडे चर्चमागच्या उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात. तो जो पाडेल तो वर्षभर मंडळाचा राजा. लागोपाठ तीन वर्षं पाडला तर सम्राट, आणि तो मात्र मरेपर्यंत. सम्राट मिरवणुकीत संताच्या मूर्तीच्या लगेच मागे चालतो. तो बसल्याशिवाय जेवणाला कुणी बसायचं नाही. आणि बैठकीत तो बोलत असताना त्याला कुणी टोकायचं नाही. फिर्मीन लागोपाठ दोनदा राजा झाला होता, ओडीलच्या चकतीवर, आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याने तो पक्षी आम्हाला पुन्हा पुन्हा पाडून दाखवला होता. वारा कुठून होता, ढग कुठे होता, त्याने श्वास कधी रोखला. टोकायची सोय होती म्हणून आम्ही जगलो.

बाकीच्यांचे क्रॉसबो मात्र एकेक करून बसले. कुणाचा एक भाग गेला, कुणाचा दुसरा, आणि जो भाग एकाला हवा तो दुसऱ्याच्या माळ्यावर. पण बदली करायची म्हणजे आपल्याकडे काय आहे ते सांगावं लागतं, आणि ते तर कुणाकडेच काही नव्हतं! डॉक्टरांनी इंटरनेटवरून अमेरिकेतला घोडा मागवला. तो आला झाडाझुडपांच्या रंगात, सोबत हरीण कसं सोलायचं त्याची पुस्तिका. कमील पार दुसऱ्या प्रांतात मयताला गेला, मोठा पुष्पगुच्छ घेऊन, आणि तिथे कळलं की मेलेला माणूस साधं धनुष्य चालवायचा. गास्टनने ऑर्गनची तार गुंडाळून कमान दुरुस्त केली. तिचा पहिलाच बाण पाद्रीबाबांच्या खुराड्यात सापडला. कोंबड्यांनी महिनाभर अंडी दिली नाहीत.

जत्रा पंधरवड्यावर आली तेव्हा गावात चालणारा क्रॉसबो एकच उरला होता, फिर्मीनचा. तिघे माझ्या कॅफेत सुतकी चेहरे करून बसले.

"तो एकटाच मारणार," डॉक्टर म्हणाले. "पडेपर्यंत मारत बसला तरी त्याला कोण अडवणार?"

"नवे घ्या की," मी म्हटलं. "शहरात मिळतात."

मी बायको बदला म्हटल्यासारखे तिघे माझ्याकडे बघायला लागले. "नवे?" गास्टन म्हणाला. "प्लास्टिकचे?"

"मग एकच आहे." मी भिंतीकडे मान केली. "पण त्या बिचाऱ्याला कमान हवी. घोडा हवा. पट्टी हवी. आता कुठून आणायची म्हणा!"

कमील बियरच्या ग्लासात बघत बसला. मी ग्लास पुसायला घेतला. "सम्राट फिर्मीन," मी म्हटलं. "ऐकायला तसं वाईट नाही. आणि त्याची प्रकृती किती ठणठणीत आहे नाही?"

कमील खाकरला. "गोठ्यात काहीतरी पोलादी पडलंय बघ. आईने ठेवलं असेल."

"तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली."

"म्हणूनच विचारता आलं नाही तिला."

मी त्यांना शनिवारी संध्याकाळी या म्हटलं, कारण शनिवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नसते. आले, काखोटीला बोचकी मारून. आणि काय ते आश्चर्य! "अरेच्चा, हा घोडा ऑर्गनच्या नळ्यांमागे कसा आला?" "खुर्चीच्या खणात ही पट्टी सापडली, कुणी पेशंट विसरला असेल." लोक टाळ्या वाजवत होते. मी दांडा भिंतीवरून उतरवला, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने आपला भाग बसवला. चार वर्षांत त्या भागांना एकदा तरी धूळ लागली असेल? छे! तेल लावून मऊ कापडात ठेवलेले होते. मला त्यांचा संतापही आला आणि थोडं बरंही वाटलं.

राहिली चकती. फिर्मीन कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. त्याच्याकडे मागायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी मापं घेतली आणि दाताच्या कवळीचा मालमसाला वापरून एक चकती घडवली, दाढ घडवतात तशी. पांढरीशुभ्र. म्हणाले, "एक बाण सोसेल. दुसऱ्याची हमी नाही. आणि टॉफी चघळायला देऊ नका तिला."

मग खरी मारामारी. चालवणार कोण? कमील म्हणे, कमान माझी. गास्टन म्हणे, घोड्याशिवाय कमान काय करणार? डॉक्टर म्हणे, दाढ माझी आणि पट्टी माझी, दोन भाग झाले.

"दांडा माझा," मी म्हटलं. "मी चालवणार."

गास्टनने सुस्कारा टाकला. "आलिदा, मंडळात बाई बसत नाही."

"बाई नाही, विधवा बसते. सेंट जॉर्जपुढची मेणबत्ती दरवर्षी माझ्याकडून घेता तेव्हा काय म्हणता? मंडळाची सभासद! मग आता सभासद बाण मारणार."

पाद्रीबाबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, खरं आहे, नवऱ्याची जागा विधवेला मिळते. आजवर कुणी मेणबत्तीपलीकडे काही मागितलं नव्हतं, एवढंच. कोंबड्यांपायी त्यांचा गास्टनवर रागही असावा.

सोमवारी फिर्मीनने पहिला बाण मारला. पक्ष्याच्या शेपटीला चाटून गेला, पक्षी डुलला, पण बसून राहिला. मग मी. दोरी ओढली, ती त्या पांढऱ्या दाढेत बसली आणि दाढ करकरली. मागून डॉक्टर पुटपुटले, "देवा, देवा." मी पट्टीतून बघितलं, दांडा गालाला लावला. त्याला अजून ओडीलच्या तंबाखूचा वास होता. मला मेल्याचा इतका राग आला, असा अर्ध्यात टाकून गेला म्हणून, की त्या रागातच घोडा दाबला.

पक्षी पडला.

तिघे उड्या मारत एकमेकांच्या गळ्यात पडले. फिर्मीन सम्राट झाला नाही! मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की राजा कोण झालाय. उड्या थांबल्या. गास्टन डॉक्टरांच्या कानात म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या हळू, "सम्राट परवडला असता हो." रिवाजाप्रमाणे राजाने सगळ्यांना बियर पाजायची असते. मी पाजली. माझ्याच पिंपातली, माझ्याच हाताने ओतून. राणी झाले, पण ग्लास विसळायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडते तर तिघे पायरीवर. तिघांचे खिसे पेचकसांनी फुगलेले.

"आलिदा," कमील म्हणाला, "माझी कमान तेवढी काढून घेतो."

"कुठली कमान?"

"ती... भिंतीवरची."

"ती ओडीलची आहे. ओडीलची कमान तुझ्याकडे नव्हतीच. आईची शपथ घेतली होतीस तू, ती समोर बसलेली असताना. आता तिला खोटं पाडतोस?"

मी गास्टनकडे वळले. "तुम्ही तर लोखंडाला हात लावत नाही. आणि डॉक्टर, पट्टी कशी दिसते ते आठवलं का?" डॉक्टर म्हणाले, आम्ही कॉफीसाठी आलो होतो. मी कॉफी दिली. तिघांनी ती भिंतीकडे पाठ करून प्यायली आणि शेपूट घालून गेले.

फिर्मीन संध्याकाळी आला. कॅफेत चिटपाखरू नव्हतं. बसला नाही, उभ्यानेच रुमालाची पुरचुंडी बारवर ठेवली. आत चकती होती, ओडीलने घासलेली, पोलादी.

"घे," तो म्हणाला. "मी चोरली, आणि चोरली म्हणून सांगितलं होतं. म्हणून मला परत देता येते. त्या तिघांची पंचाईत आहे."

"आणि तुझा क्रॉसबो?"

"बसला."

मी क्रॉसबो उतरवला, दाढ काढली, चकती बसवली आणि दोरी ओढली. खट्ट झालं. ओडील होता तेव्हा रोज रात्री जेवण गरम करताना कारखान्याच्या भिंतीपलीकडून यायचा तोच आवाज. मला रडू फुटलं, फिर्मीनसमोर, हातात क्रॉसबो धरून. तो बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी डोळे पुसले, त्याला बियर ओतली. त्याने अर्धी संपवली, घसा साफ केला आणि बारवर पडलेल्या त्या पांढऱ्या गोळीकडे बोट केलं.

"आलिदा, ही दाढ... तुला आता लागणार नाही ना?"

दिली मी. पुढच्या वर्षी हरवायला मला कुणीतरी लागणारच होतं.