जाड तिरपं नाव

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या फलकावर अक्षरांनाही मानपान असतो. हिरो-हिरोइनीची नावं जाड, उजवीकडं झुकलेली, टोकं सपाट छाटलेली, पार रस्त्यापलीकडून दिसणारी. बाकीच्यांची तळाला, बारीक आणि सरळ. आमगावात मुन्नालालच्या दुकानात फ्लेक्स बनवणाऱ्या अल्काला हे तोंडपाठ होतं. तिचा बाप केवळराम नाटकात आयुष्यभर शिपाई, हवालदार, नाहीतर प्रेत झाला. त्याचं नाव दरसाल तिनंच तळाला बसवलं होतं.

"एकडाव माह्यं नाव तिरपं कर ना बाई," तो म्हणायचा.

"मॅनेजर सांगते तसंच करा लागते, बाबा."

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात त्याला चक्क खलनायकाचं काम मिळालं. मॅनेजरनंच फोन करून सांगितलं, केवळरामचं नाव वर घे, जाड तिरपं. अल्कानं मोबाइलवर फलक दाखवला तेव्हा बाप हरखून गेला. दोन बोटांनी मोठं करून करून पाहत राहिला. "नाव कसं धावून राहिलं ना!" म्हणाला.

मग एका तालमीत त्याच्या छातीत कळ आली. गोंदियाला नेईपर्यंत सारं आटोपलं होतं.

मॅनेजर फोनवर रडला, पण बोलायचं ते बोललाच. "मंडई तर थांबत नाही बाई. त्या जागी सुखरामचं नाव टाक." अल्कानं बापाचं नाव पुसलं, सुखरामचं टाइप केलं. अक्षरांना त्याचं काहीच नव्हतं. तितकीच जाड, तितकीच तिरपी उभी राहिली. तिला त्या फॉन्टचा भयंकर राग आला. सुखरामवर तरी काय म्हणून रागवायचं?

बापाच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा फलक करायची वेळ आली, तेव्हा तिची माय पार्वताबाई स्वतः दुकानात आली. "ह्यायचं नाव त्याच अक्षरात टाक."

मुन्नालाल चुळबुळला. "भाभी, आदरांजली में सीधा अक्षर चलता है। लोग हँसेंगे।"

"हसले तं हसले. ते जिते होते तवाबी लोकं हसतच होते."

अल्कानं टाकलं. कोपऱ्यात फोटो, वर 'भावपूर्ण आदरांजली' बारीक आणि सरळ, आणि मधोमध फलकभर बापाचं नाव.

सकाळी चौकात फलक बांधला. मायलेकी खाली उभ्या राहून बघत होत्या. दरेकशाकडून मोटरसायकलवर बायको-पोरांना घेऊन आलेला एक माणूस रस्त्यापलीकडंच थांबला. तिथून फक्त नावच वाचता येत होतं.

"केवळराम मेश्राम!" तो मोठ्यानं म्हणाला. "नवा हिरो दिसते. नाटक कवा हाय जी?"



"नाटक नाही जी," अल्का म्हणाली. "माहा बाप हाय."

त्या माणसानं गाडी बंद केली. आणि अंत्यविधीतही न रडलेल्या मायलेकी त्या परक्या माणसासमोर, भर चौकात, ढसाढसा रडल्या.