पहिली पात

गोदाबाईच्या टोळीत नऊ बायका. त्यांना घेऊन फोपनार गावच्या कपाशीत निंदणी करायची म्हणजे बेडूक तराजूत तोलायचे. एकीला पारड्यात बसवावं, तोवर दुसरीनं उडी मारलेली. कोणी उशिरा येणार, कोणी खुरपं विसरणार, दोघींचं सकाळीच जुंपलेलं. तीस वर्षं गोदाबाई हे निस्तरत आली होती, आणि शिव्या देत देत त्यात सुखी होती.

म्हणूनच वटपौर्णिमा झाल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायका वेळेवर येत होत्या. भांडण नाही, तक्रार नाही. नऊ बायका एकदम इतक्या शहाण्या होत नसतात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रीत अशी, की टोळीच्या मुख्य बाईनं पहिली पात, म्हणजे निंदायची पहिली ओळ, धरायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पातीत तिच्या मागे राहायचं. पण नेहमी पुढे घुसणारी मालूबाई आता चांगली वीस पावलं मागे रेंगाळायची. टोळीतल्याच गायत्रीशी कुजबुजायची. गोदाबाईनं मान वळवली, की दोघी चूप. मालूबाई टोळी फोडते आहे, दुसरं काय? पोरीसारखं वागवलं होतं तिला. गोदाबाईला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. टोळी गेली तर या वयात तिला कामाला बोलावणार कोण?

गुरुवारी ती अर्ध्या पातीतून उठली आणि तरातरा मागे गेली.

मालूबाई गोदाबाईच्याच पातीत बसून गवत उपटत होती. गोदाबाईला पाहताच तिनं ओटी झाकली.

"दाखव."

"काही नाही, मावशी."

गोदाबाईनं ओटीत हात घातला. कपाशीची कोवळी रोपं हाताला लागली. दहा-बारा तरी होती, खुरप्यानं कापलेली.

"माझ्या पातीतली?"

"तुम्हाला बराबर दिसत नाही आता. गवत राहून जातं, पीक कापलं जातं. आम्ही भांडलो की मालक बांधावर येतो. त्यानं पाहू नये म्हणून सगळ्यांनी चूप राहायचं ठरवलं."

गोदाबाईला इतकी लाज वाटली की ती तिथंच खाली बसली. सगळ्या जणी हात थांबवून तिच्याकडे पाहत होत्या.

"पहिली पात तू धर," ती म्हणाली.

मालूबाई हलेना.

"धर म्हणते ना. मी तुझ्या बाजूची घेते. पीक कापायला लागले तर तिथंच हात धर. मागून निस्तरू नको."

मालूबाई पुढे झाली. गोदाबाई शेजारच्या पातीत बसली आणि प्रत्येक रोप आधी बोटांनी चाचपून मगच खुरपं चालवू लागली.